किल्ली फिरवण्याआधी पत्रा उघडा

अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेत, म्हणजे ओहायो, इंडियाना, इलिनॉय, विस्कॉन्सिन या भागात, शहराबाहेर एक-दोन एकराचं घर घेणारी मराठी कुटुंबं आता बरीच आहेत. घराबरोबर गवत येतं, लांबलचक ड्राइव्हवे येतो आणि हिवाळ्यात त्यावर बर्फ साचतो. कधी कधी घराबरोबर आणखी एक गोष्ट येते. मागच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली, फाटक्या सीटचा एक जुना छोटा ट्रॅक्टर उभा असतो. आधीचे मालक म्हणतात, ‘हवा तर ठेवा, नाहीतर भंगारवाल्याला फोन करतो.’

तो ठेवून घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. साठ आणि सत्तरच्या दशकांतले हे गार्डन ट्रॅक्टर दिसायला गवत कापायच्या गाडीसारखे असले तरी त्यांची हाडं ट्रॅक्टरची आहेत. जाड लोखंडी चौकट, ओतीव लोखंडाचा गिअरबॉक्स, ओतीव लोखंडाचं एका सिलिंडरचं इंजिन. साउथ बेंड, इंडियाना इथे तयार होणारा व्हील हॉर्स, १९६३ साली जॉन डीअरने विस्कॉन्सिनमधल्या होरिकॉनच्या कारखान्यातून आणलेला ११०, आणि माझ्या जिव्हाळ्याचा इंटरनॅशनल हार्वेस्टरचा कब कॅडेट. हा १९६० साली केंटकीतल्या लुइव्हिलमध्ये बनू लागला. त्याच कारखान्यात फार्मॉल कब नावाचा छोटा शेती-ट्रॅक्टर बनत होता आणि कॅडेटच्या गिअरबॉक्सची घडण त्याच घरातली आहे. १९८१ साली इंटरनॅशनलने हा विभाग विकला. नाव आजही चालू आहे, पण या लेखात मी बोलतोय ते त्याआधीच्या पिवळ्या-पांढऱ्या ट्रॅक्टरांबद्दल.

या सगळ्यांत एक गोष्ट बहुतेक वेळा समान असते, ती म्हणजे कोहलर कंपनीचं के मालिकेचं इंजिन. मराठी वाचकाला कोहलर माहीत आहे ते नळ आणि बेसिनमुळे, पण तिने इंजिनंही भरपूर बनवली. १० अश्वशक्तीचं के-२४१, १२ चं के-३०१, १४ चं के-३२१, १६ चं के-३४१. एक इंजिन नीट समजलं की अर्धा डझन कंपन्यांचे ट्रॅक्टर तुम्हाला दुरुस्त करता येतात. म्हणून पुढचं बरंचसं बोलणं या इंजिनाबद्दलच आहे.

आधी माझ्या हातून काय झालं ते सांगतो. पहिला कब कॅडेट मी एका लिलावातून आणला, १२ अश्वशक्तीचा. त्याच दुपारी ऑइल बघितलं, ताजं पेट्रोल घातलं, गाडीची बॅटरी जोडली आणि किल्ली फिरवली. दोन-तीन खोकले काढून इंजिन सुरू झालं. घरातले सगळे बाहेर आले. मी लगेच मागचं गवत कापायला घेतलं. वीस-पंचवीस मिनिटांनी आवाज बदलला, ताकद गेली, आणि ब्रेकवर पाय ठेवेपर्यंत आतून एक ठोका आला. कनेक्टिंग रॉड तुटला होता आणि तुटताना त्याने ब्लॉकच्या बाजूला मुठीएवढं भोक पाडलं होतं. संध्याकाळी मी इंजिनावरचा पत्रा काढला. सिलिंडरभोवतीच्या फिन्समध्ये हवा जायला जागाच नव्हती. सीटमधला स्पंज, वाळकं गवत, ओकच्या फळांची टरफलं, एखाद्या जुन्या हातमोज्याची लोकर, असं सगळं उंदरांनी कित्येक हिवाळे दाबून दाबून बसवलं होतं. स्क्रू ड्रायव्हरने उकरलं तेव्हा ते गादीसारखं सलग निघालं, आणि त्याच्या आतल्या बाजूवर फिन्सचे ठसे उमटलेले होते. चाळीस वर्षं टिकलेलं इंजिन मी एका दुपारी मारलं. सात-आठ बोल्ट काढायचा कंटाळा केला नसता तर ते आजही चाललं असतं.

म्हणून पहिला नियम हा. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या ट्रॅक्टरची किल्ली फिरवण्याआधी इंजिनावरचे पत्रे उघडा. ही इंजिनं हवेवर थंड होतात. फ्लायव्हीलच्या पाती हवा ओढतात, पत्रे ती हवा सिलिंडरवरून आणि हेडवरून नेतात. वाट बंद झाली की पिस्टन फुगतो, तेल पातळ होतं आणि ज्याला आपण ‘इंजिन धरलं’ म्हणतो ते होतं. पत्रा काढून फिन्समधली माती, गवत आणि तेलकट थर लाकडी काडीने आणि ब्रशने काढा. मात्र उंदरांचं घरटं दिसलं तर कोरडं झाडू नका आणि एअर गनने उडवू नका. इथल्या रानउंदरांच्या विष्ठेतून हंटाव्हायरस पसरतो आणि तो फुप्फुसांत शिरून जिवावर बेततो. हातमोजे आणि मास्क घाला, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण शिंपडून पाच मिनिटं भिजू द्या, मग ओल्या कागदाने उचला. साफ झाल्यावर सगळे पत्रे परत लावायचेच. पत्र्याशिवाय इंजिन ‘मोकळं’ चालतं असं वाटतं, पण हवा सिलिंडरवर न जाता बाजूने निघून जाते.

पत्रा उघडलेलाच आहे तर त्यावरची पट्टी वाचून घ्या. कोहलरच्या पट्टीवर मॉडेल, स्पेसिफिकेशन आणि सिरीयल असे तीन क्रमांक असतात. सुटे भाग मागवताना नुसतं ‘के-३०१’ सांगून भागत नाही, स्पेसिफिकेशन क्रमांक लागतो, कारण तेच इंजिन वेगवेगळ्या कंपन्यांसाठी थोडं वेगळं बनत असे. ट्रॅक्टरचा स्वतःचा क्रमांक वेगळा असतो. दोन्ही लिहून ठेवा, फोटो काढा.

आता इंजिन हाताने फिरतं का ते बघू. प्लग काढा आणि फ्लायव्हील हळू फिरवून बघा. फिरलं तर उत्तम. अडकलं असेल तर जोर करू नका, पुलीवर हातोडा तर अजिबात नको. फ्लायव्हील ओतीव लोखंडाचं आहे, त्याला बारीक तडा गेला तर तो पूर्ण वेगात असताना फुटतो. प्लगच्या भोकातून गंज सोडवणारं तेल दोन-तीन चमचे टाका आणि थांबा. इथले जुने मिस्त्री ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळून वापरतात. तेही चांगलं काम करतं, फक्त ॲसिटोन लगेच पेटतं हे ध्यानात ठेवा. रोज संध्याकाळी फ्लायव्हील दोन्ही बाजूंना अगदी थोडं हलवायचा प्रयत्न करा. माझं एक इंजिन अकराव्या दिवशी सुटलं. सुटलं नाही तर हेड काढा. या इंजिनांचे व्हॉल्व्ह बाजूला, ब्लॉकमध्ये असतात. त्यामुळे हेड म्हणजे नुसतं झाकण, बोल्ट काढले की हातात येतं. परत बसवताना गास्केट नवं घाला, आणि के-२४१ ते के-३४१ ला बोल्ट एका आड एक, टप्प्याटप्प्याने, २५ ते ३० फूट-पाउंडांपर्यंत आवळा. त्याआधी काचेच्या सपाट तुकड्यावर पॉलिश पेपर ठेवून हेड त्यावर गोल गोल घासा. काही ठिकाणी चकाकलं आणि काही ठिकाणी काळंच राहिलं तर हेड वाकलेलं आहे. सगळीकडे सारखं चकाकेपर्यंत घासत राहा.

तेलाबद्दल थोडं विस्ताराने सांगतो, कारण राक्षसाचा जीव पिंजऱ्यातल्या पोपटात असावा तसा या इंजिनांचा जीव तेलाच्या पातळीत आहे. आत ऑइल पंप नाही, प्रेशर नाही. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला एक छोटी दांडी असते. ती प्रत्येक फेऱ्यात तेलात बुडते आणि तेल उडवते. त्या उडालेल्या शिंतोड्यांवर क्रँक, कॅम, पिस्टन, सगळ्यांचं भागतं. रॉड ॲल्युमिनियमचा आहे आणि थेट क्रँकवर फिरतो, मध्ये वेगळं बेअरिंग नाही. पातळी घसरली किंवा ट्रॅक्टर तिरक्या उतारावर बराच वेळ राहिला की दांडी तेलापर्यंत पोचत नाही, आणि दिवा लागून तुम्हाला इशारा देईल अशी सोयही नाही. म्हणून दर वेळी, अगदी दर वेळी, बसण्याआधी डिपस्टिक बघायची. जुनं तेल इंजिन गरम करून काढा म्हणजे गाळही निघतो, पण पहिल्या वेळी इंजिन सुरूच करायचं नाही, तेव्हा थंडच काढा आणि रात्रभर गळू द्या. उन्हाळ्यात एसएई ३० घाला. बर्फासाठी वापरणार असाल तर हिवाळ्यात पातळ तेल लागतं. दर २५ तासांनी बदला. मी दर दोन महिन्यांनी बदलतो, तास मोजत बसत नाही, आणि माझ्या एकराला ते पुरतं.

पेट्रोलच्या बाजूला बहुतेक बिघाड एकाच कारणाने होतात. जुनं पेट्रोल टाकीत राहतं, त्याचा डिंकासारखा थर बसतो. इथल्या पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुने रबरी पाइप मऊ करतं. टाकी काढा, रिकामी करा, आत टॉर्च मारून बघा. गंज असेल तर मूठभर नट टाकून हलवून धुता येते. टाकीला भोक असेल तर वेल्डिंगला देऊ नका. पेट्रोलची टाकी वर्षभर रिकामी असली तरी तिच्यात वाफ राहते आणि ती स्फोट करते. दुसरी टाकी मिळते. टाकीखालची काचेची वाटी साफ करा, पाइप नवा घाला.

कार्बोरेटर उघडताना घाई नको. ब्रास फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर त्याला बारीक चीर आहे. भोकं तारेने कोरू नका, कार्बोरेटर क्लीनर आणि हवा वापरा. परत जोडल्यावर दोन स्क्रू जुळवायचे असतात. मेन स्क्रू बोटांनी हलकेच आत, टेकेपर्यंत, मग दोन फेरे बाहेर. आयडलचा स्क्रू तसाच टेकवून साधारण सव्वा फेरा बाहेर. ‘टेकेपर्यंत’ म्हणजे खरोखर टेकेपर्यंतच. आवळलात तर सुईच्या टोकावर कडं उमटतं आणि ते इंजिन नंतर कधीच एका लयीत चालत नाही. एवढ्यावर इंजिन सुरू होईल, बारीक जुळवणी गरम झाल्यावर करा.

ठिणगीचं काम मला सगळ्यांत आवडतं, आणि मागच्या पिढीतल्या स्कूटरवाल्यांना ते लगेच कळेल, कारण इथेही तोच पॉइंट आणि कंडेन्सर आहे. शिवाय कोहलरने पॉइंट फ्लायव्हीलखाली न लपवता बाहेर, ब्लॉकच्या अंगावर, दोन स्क्रूंच्या झाकणाखाली ठेवले. आतून कॅमवर टेकलेली एक बारीक पिन येऊन त्यांना उघडते. फट ०.०२० इंच, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर. फीलर गेजची पट्टी हलकीशी अडखळून सरकली पाहिजे. नवे पॉइंट बसवले आणि ठिणगी नाही, अशी तक्रार मी पुष्कळदा ऐकतो. नव्या पॉइंटवर डोळ्यांना न दिसणारा तेलाचा थर असतो. कोऱ्या व्हिजिटिंग कार्डाची पट्टी पॉइंटमध्ये धरून दोनदा ओढा. कार्डावर राखाडी रेघ उमटेल आणि ठिणगी परत येईल.

०.०२० ही सुरुवात आहे, खरी जुळवणी टायमिंगवर होते. पत्र्यावर एक छोटी खिडकी असते, तिच्यातून फ्लायव्हीलची कड दिसते. त्या कडेवर टी आणि एस या दोन खुणा असतात. टी म्हणजे पिस्टन सगळ्यांत वर, एस म्हणजे त्याच्या २० अंश आधी. मी हे काम अंधार पडल्यावर करतो. खुणांवर आधी पांढऱ्या खडूने रेघ ओढतो. कॉइलची वायर सोडवून, वेगळ्या बॅटरीवरून १२ व्होल्टचा छोटा बल्ब पॉइंटमधून जोडतो. पॉइंट मिटलेले असले की बल्ब लागतो, उघडले की विझतो. मग फ्लायव्हील इंजिन चालण्याच्या दिशेने केसाकेसाने फिरवायचं. एसची रेघ खिडकीच्या मधोमध येते त्याच क्षणी बल्ब विझला पाहिजे. आधीच विझला तर फट किंचित कमी करा, उशिरा विझला तर किंचित वाढवा. पॉइंट कॅमवर चालतात, म्हणून दोन फेऱ्यांत एकदाच उघडतात. एस आला आणि काहीच झालं नाही तर घाबरू नका, तो दुसरा फेरा आहे, आणखी एक पूर्ण फेरा द्या. शेडमध्ये टॉर्च विझवून, एका हातात फ्लायव्हील धरून, तो बल्ब नेमक्या रेघेवर विझताना बघितला की या इंजिनाची सगळी रचना एकदम डोक्यात बसते.

कॉम्प्रेशनबद्दल एक मोठा गैरसमज आहे आणि त्यापायी लोक चांगली इंजिनं विनाकारण खोलतात. गेज लावून स्टार्टर फिरवला की आकडा फार कमी येतो आणि ‘रिंगा गेल्या’ असा निकाल दिला जातो. आमच्या गावी विहिरीवर डिझेल इंजिन होतं. हँडल मारताना वडील आधी डिकॉम्प्रेशनची खिटी उचलून धरत, इंजिनाने वेग घेतला की सोडत. कोहलरच्या कॅमवर तीच खिटी आपोआप चालते. हळू फिरताना ती एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवते, वेग वाढला की बाजूला होते. म्हणून स्टार्टरवर घेतलेल्या कॉम्प्रेशनच्या आकड्याला अर्थ नाही. किल्ली बंद, प्लग घट्ट, प्लगची वायर दूर, आणि फ्लायव्हील चालण्याच्या उलट दिशेने झटक्यात फिरवा. हाताला स्प्रिंगसारखा मागे ढकलणारा जोर लागला तर इंजिनात दम आहे.

याच्याशीच जोडलेलं आणखी एक. स्टार्टर अर्धा फेरा घेऊन थांबतो, आणि आपण बॅटरी बदलतो, वायरी बदलतो, स्टार्टर उघडतो. बॅटरी आणि वायरी तपासाव्यातच, पण त्या चांगल्या निघाल्या तर व्हॉल्व्हची फट बघा. एक्झॉस्टची फट प्रमाणाबाहेर वाढली की ती खिटी व्हॉल्व्हला उचलूच शकत नाही आणि स्टार्टरला पूर्ण कॉम्प्रेशनशी झगडावं लागतं. उलट फट कमी झाली तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, इंजिन थंड असताना सुरू होतं आणि गरम झाल्यावर हट्ट धरतं. के-३०१ ला, थंड असताना, इनटेक ०.००८ ते ०.०१० इंच आणि एक्झॉस्ट ०.०१७ ते ०.०२० इंच. ब्रीदरच्या झाकणामागे टॅपेट दिसतात, दोन पाने लावून जुळवता येतात. झाकण काढताना आतल्या चकत्या कोणत्या क्रमाने होत्या त्याचा फोटो काढा. क्रम चुकला तर इंजिन तेल ओकतं.

इंजिन पूर्ण खोलावं लागलंच तर क्रँकची गोलाई मायक्रोमीटरने मोजल्याशिवाय नवा रॉड घालू नका. क्रँक घासलेला असेल तर मशीन शॉपकडून ०.०१० इंच कमी करून घ्या, त्या मापाचा रॉड मिळतो. रॉड आणि त्याच्या टोपीवरच्या खुणा एकमेकींसमोर आल्याच पाहिजेत. पुढच्या काळातल्या काही इंजिनांत कंपन कमी करायला दोन बॅलन्स गिअर घातलेले असतात. त्यांचं बेअरिंग झिजलं की ते फुटतात आणि ब्लॉकही नेतात. अनुभवी मिस्त्री ते काढूनच ठेवतात. मीही काढले, इंजिन किंचित जास्त थरथरतं, पण रात्री झोप लागते. गव्हर्नरच्या स्प्रिंगशी मात्र कधी खेळू नका. मिनिटाला ३६०० फेऱ्यांची मर्यादा ॲल्युमिनियमच्या रॉडसाठी आणि त्या ओतीव फ्लायव्हीलसाठी आहे.

विजेचं काम थोडक्यात. साठच्या दशकातल्या कब कॅडेटला स्टार्टर आणि जनरेटर हे एकच यंत्र असतं, पट्ट्याने इंजिनाला जोडलेलं. आधी ते इंजिन फिरवतं, मग इंजिन त्याला फिरवतं. पट्टा सैल असेल तर दोन्ही कामं बिघडतात. जनरेटर किंवा रेग्युलेटर काढून परत बसवला की चार्जिंग होत नाही, कारण जनरेटरची दिशा हरवलेली असते. इंजिन बंद ठेवून रेग्युलेटरची बॅटरीचं आणि जनरेटरचं अशी दोन टोकं वायरच्या तुकड्याने क्षणभर, फक्त क्षणभर, जोडा. बारीक ठिणगी पडली की झालं. पुढच्या वर्षांतल्या ट्रॅक्टरला अल्टरनेटर आहे, त्याला हे करायचं नाही, केलं तर तो जळेल.

कब कॅडेटमध्ये इंजिनाकडून मागे जाताना एक शाफ्ट आणि कोरडा क्लच लागतो. पेडल दाबल्यावर खडखड येते ती बहुधा पिनांची भोकं लांबट झाल्यामुळे. पिना स्वस्त आहेत, पण भोकं फार घासली असतील तर शाफ्टच बदलावा लागतो. त्या काळच्या क्लच आणि ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकतो, ती धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. गिअरबॉक्सचं तेल इंटरनॅशनलने हाय-ट्रान नावाचं ठरवून दिलं आहे, तेच घाला. काढलेलं तेल ताकासारखं पांढुरकं दिसलं तर आत पाणी आहे. एकदा बदलून दोन तास चालवा आणि परत बदला. पुढच्या ॲक्सलच्या मधल्या पिनेला आणि चाकांच्या खुंट्यांना ग्रीस द्या, जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत. स्टिअरिंगचा खेळ निम्मा तरी ग्रीसच्या आळसातून आलेला असतो.

रंग सगळ्यांत शेवटी. मी चकाकते रंगवलेले आणि आतून मेलेले ट्रॅक्टर पुष्कळ बघितले आहेत. विकत घेताना ताजा रंग दिसला तर दोन पावलं मागे व्हा आणि डिपस्टिक काढून बघा. जुन्या रंगात शिसं असू शकतं. कोरडा घासू नका, पाणी लावून घासा आणि पोरांना लांब ठेवा.

पोरांचा विषय निघालाच आहे. सुट्टीच्या दिवशी लहानग्याला मांडीवर बसवून ट्रॅक्टरची फेरी मारायचा मोह होतो, आणि भारतातून आलेले आजोबा त्याचा फोटो काढायला उभे असतात. कृपा करून हे करू नका. यांतल्या बहुतेक ट्रॅक्टरांना सीटखाली स्विच नाही. माणूस खाली पडला तरी इंजिन चालू राहतं आणि पातीही फिरत राहतात. मागे घेताना दर वेळी मान वळवून बघा, उतारावर आडवे नको, उभे वर-खाली जा, ओल्या उतारावर जाऊच नका. पात्याखाली हात घालण्याआधी प्लगची वायर काढून दूर बांधा, किल्ली नुसती बंद करून भागत नाही. वर उचललेल्या ट्रॅक्टरखाली जॅकवर भिस्त ठेवून जाऊ नका, स्टँड लावा.

पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा गवताचं डेक जोडू नका. रिकाम्या ट्रॅक्टरवर पाच मिनिटं, मग बंद करून सगळीकडे हात जवळ नेऊन उष्णता बघा, गळती बघा, बोल्ट बघा. मग पंधरा मिनिटं. मग तेल बदला. गवत दुसऱ्या दिवशी.

माझा आत्ताचा ट्रॅक्टर ज्यांच्याकडून आला त्यांनी हुडच्या आतल्या पत्र्यावर पेन्सिलीने तेलबदलाच्या तारखा लिहिल्या होत्या. एकाखाली एक, तेवीस ओळी. रंग देताना तेवढा पत्रा मी सोडला. त्यांच्या शेवटच्या ओळीखाली माझ्या तारखा चालू आहेत. वही हरवते, पण हुड हरवत नाही, म्हणून तुम्हीही तिथेच लिहा.

गवत थांबलं आणि बर्फासाठी ट्रॅक्टर वापरणार नसाल तर ऑक्टोबरअखेर त्याला नीट झोपवा. पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग टाकी रिकामी करा. तेल बदला, कारण जुन्या तेलातलं आम्ल हिवाळाभर क्रँकवर बसून राहतं. प्लग काढून एक चमचा ताजं तेल टाका, दोन फेरे फिरवा, प्लग बसवा आणि कॉम्प्रेशनचा जोर लागतो तिथे फ्लायव्हील थांबवा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले राहतील. बॅटरी काढून घरात घ्या. एक्झॉस्टच्या तोंडावर आणि पत्र्याच्या हवेच्या जाळीवर बारीक तारेची जाळी बांधा, उंदीर तिथूनच शिरतात. आणि एक पुठ्ठा स्टिअरिंगला सुतळीने बांधा. माझ्या पुठ्ठ्यावर जाड पेनने चार ओळी असतात. टाकी रिकामी. कॉक बंद. बॅटरी तळघरात. किल्ली फिरवण्याआधी जाळ्या काढ आणि पत्रा उघडून बघ.